जित्याची खोड

गेल्या दिवाळीत मी मेडशीला गेलो होतो. आमचे घर तिथले. अकोल्याहून वाशीमकडे जाणारी सडक पातूर सोडल्यावर घाट चढू लागते, दोन्ही अंगांना सागाचे जंगल लागते, आणि घाट संपून जरा उसंत मिळते न मिळते तोच आमचे गाव येते. १९९८ साली अकोला जिल्ह्याची वाटणी झाली नि आम्ही वाशीम जिल्ह्यात गेलो. पण आईच्या बोलण्यात आम्ही अजून अकोल्याचेच आहोत. पुण्यातल्या एका महाविद्यालयात मराठी शिकवून पोट भरणारा मी, वर्षातून एकदा दिवाळीला बायकोमुलांसह तिथे जातो आणि चार दिवस का होईना, मास्तरकीची झूल उतरवून ठेवतो. निदान तशी माझी समजूत होती.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळची गोष्ट. माझ्या धाकट्या मुलीने अंगणात रांगोळी काढली. सातवीतली पोर, दोन तास उकिडवी बसून तिने मोर काढला होता. मोराची मान जरा आखूड झाली होती नि पिसारा एका अंगाला कलला होता. मी ओसरीवर आलो, पाहिले, आणि क्षणाचाही विचार न करता बोलून गेलो, "वा! पण हा मोर आहे, की पावसात भिजलेली कोंबडी?"

ओसरीवरची मंडळी खो खो हसली. मीही हसलो. मुलगी मात्र हसली नाही. ती उठली, पायाने तो मोर पुसला आणि घरात निघून गेली.

"काऊन रे बावा, सणासुदीचं लेकराले रडवतं?" आई म्हणाली.

"अगं, गंमत केली. माझा स्वभाव ठाऊक नाही का तिला?"

आईने सुस्कारा टाकला. "जित्याची खोड मेल्याबिगर जात नाही, हेच खरं!"

ओसरीच्या कडेला शेजारच्या नर्सबाई बसल्या होत्या. मिशनच्या दवाखान्यात उभी हयात काढून त्या निवृत्त झालेल्या. धर्माने ख्रिस्ती; पण आमच्या घरचा चिवडा त्यांच्याकडे आणि त्यांच्याकडचा नाताळचा केक आमच्याकडे, हा रिवाज माझ्या लहानपणापासूनचा. त्या फराळाचे ताट हातात धरून शांतपणे म्हणाल्या, "वहिनी, म्हण खरी आहे. पण तुम्ही ती नेहमी अर्ध्यावर सोडता."

"अर्ध्यावर म्हंजे?"

"मेल्याशिवाय जात नाही ना? मग मरायला हवं, एवढंच. आमच्या पुस्तकात तेच लिहिलंय."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मरणाची भाषा! आईने कानांवर हात ठेवले, कुणीतरी विषय बदलला, पणत्या लागल्या. माझ्या मनातून मात्र ते वाक्य जाईना. गेली वीस वर्षे मी वर्गात म्हणी शिकवतो आहे. ही म्हण म्हणजे निराशेचा शेवटचा शब्द, असेच मी मुलांना सांगत आलो. तिला उत्तरार्ध असेल, ही कल्पनाच मला नवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी नर्सबाईंच्या घरी गेलो. त्यांनी चहा ठेवला आणि आपल्या यजमानांची हकिकत सांगितली. माणूस गुणी होता, कामाला वाघ होता. पण दारू प्यायचा. दर ईस्टरला शपथ घ्यायचा. बायबलावर हात ठेवून घ्यायचा, मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घ्यायचा. शपथ खोटी नसे. घेताना त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायचे. आठवडाभराने शपथ मोडलेली असे.

"मला वाटायचं, हा मुद्दाम करतो," नर्सबाई म्हणाल्या. "मग एक दिवस ध्यानात आलं, की ज्या मनानं शपथ घ्यायची तेच मन आजारी आहे. भाऊ, मी चाळीस वर्षं हाडं बसवताना पाहिली. मोडक्या हातानं स्वतःचा मोडका हात बसवता येत नाही. तो दुसऱ्यानंच बसवावा लागतो. आपण फक्त हात पुढे करायचा. तेवढं मात्र आपल्यालाच करावं लागतं."

यजमान शेवटची काही वर्षे दारूवाचून जगले आणि तसेच गेले. ते कसे घडले, ते पुढे येईलच. तूर्त एवढेच सांगतो, की पुण्याला परत आल्यावर मी ह्या एका प्रश्नाच्या मागे लागलो: पुन्हा पुन्हा केलेले पाप माणसाच्या स्वातंत्र्याचे काय करते? ख्रिस्ती धर्माच्या विचारवंतांनी ह्या प्रश्नावर दोन हजार वर्षे डोके खाजवले आहे. त्यात आपल्यासारख्या संसारी माणसांना घेण्याजोगे पुष्कळ आहे.

पाप म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चित्रगुप्ताची वही येते. अमुक दिवशी अमुक कृत्य, त्याची एक नोंद; पुण्याची रक्कम जमेला, पापाची खर्ची. हिशेब शेवटी व्हायचा. ख्रिस्ती शिकवणीतही न्यायाचा दिवस आहे, नाही असे नाही. पण तिचा कटाक्ष आणखी एका गोष्टीवर आहे. पाप ही केवळ नोंद नव्हे, तो एक धनी आहे. ते करून मोकळे होता येत नाही. केले की ते आपल्यावर हुकूम चालवू लागते. योहानाच्या शुभवर्तमानात आठव्या अध्यायात येशू असेच सांगतो, की पाप करणारा पापाचा गुलाम होतो. ऐकणारे चिडतात: आम्ही अब्राहामाचे वंशज, आम्ही कुणाचे गुलाम कधी झालो? गंमत पाहा, त्या वेळी त्यांच्या मानेवर रोमन साम्राज्याचे जू होते! गुलामाला आपली गुलामी शेवटी दिसते, हे त्या प्रसंगाचे मर्म.

संत पौलाने रोम शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला इसवी सन ५७ च्या सुमारास पत्र लिहिले. त्याच्या सातव्या अध्यायात तो स्वतःविषयी बोलतो, आणि ते वाचताना कुणाही प्रामाणिक माणसाला आरशासमोर उभे राहिल्यासारखे वाटावे. जे करावेसे वाटते ते हातून होत नाही आणि ज्याचा तिटकारा तेच होते, अशी त्याची तक्रार आहे. ही तक्रार आपल्याला परकी नाही. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात अर्जुन हेच विचारतो: इच्छा नसताना, कुणी बळजबरीने ढकलावे तसा माणूस पाप का करतो? श्रीकृष्ण बोट ठेवतो ते कामावर आणि क्रोधावर. कुरुक्षेत्र कुठे नि रोम कुठे. पण दुखणे एकच.

हे दुखणे कसे जडते, ह्याचे सर्वांत बारीक निरीक्षण ज्याने केले तो संत ऑगस्टीन. इसवी सन ३५४ मध्ये उत्तर आफ्रिकेतल्या तागास्ते गावी, म्हणजे आजच्या अल्जीरियात, त्याचा जन्म झाला. पेशाने तो वक्तृत्वशास्त्राचा अध्यापक. म्हणजे एका अर्थी आमच्याच जातीचा. तरुणपणी देहसुखाच्या सवयीतून त्याला बाहेर पडता येईना. बुद्धीला सारे पटले होते, पण पाऊल उचलत नव्हते. शुद्ध आयुष्य दे, अशी देवाकडे प्रार्थना करताना ती इतक्यात मान्य होऊ नये, अशीही आशा मनात असायची, हे त्याने स्वतःच कबूल करून ठेवले आहे. इसवी सन ३८६ मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत त्याच्या मनातले हे भांडण शिगेला पोचले आणि मिटले. पुढे दहाबारा वर्षांनी त्याने आपली कबुलीजबाबाची पोथी लिहिली. तिच्या आठव्या भागात त्याने एक साखळी दाखवली आहे. मन वाकडे झाले, त्यातून वासना आली. वासनेची चाकरी केली, त्यातून सवय आली. सवयीला अटकाव केला नाही, तेव्हा तिची गरज झाली. कड्यात कडे अडकत गेले. ही साखळी दुसऱ्या कुणी घातलेली नाही, आपल्याच इच्छेच्या लोखंडाची आहे, हे तो विसरू देत नाही.

ह्या पोथीतल्या दोन घरगुती गोष्टी मला फार आवडतात. पहिली ऑगस्टीनच्या आईची, साध्वी मोनिकेची. लहानपणी तिला घरच्या पिंपातून द्राक्षासव काढून आणायला पाठवीत. भांड्यात ओतण्यापूर्वी ती नुसते ओठाला लावी. चव आवडत होती असेही नाही. अल्लड वयातला खोडकरपणा. पण रोज थेंब थेंब वाढत ती पेला पेला रिचवू लागली. एके दिवशी बरोबरच्या दासीशी तिचे भांडण झाले आणि दासीने तिला दारुडी म्हणून हिणवले. तो शब्द वर्मी लागला नि सवय तिथेच सुटली. दुसरी गोष्ट ऑगस्टीनच्या मित्राची, अलीपियसची. रोममध्ये माणसांना एकमेकांशी मरेपर्यंत झुंजवण्याचे खेळ चालत. अलीपियसला त्याचा तिटकारा होता. मित्रांनी ओढून नेले तेव्हा तो म्हणाला, देह न्याल, मन नेणार नाही. आणि डोळे गच्च मिटून बसला. पण कान बंद करायचे राहिले. जमावाने एकदम आरोळी ठोकली, त्याने डोळे उघडले, रक्त पाहिले. आणि त्या दिवशी घरी परतला तो खेळाचा षौकीन होऊन. पुढे तोच इतरांना ओढून नेऊ लागला.

मराठी वाचकाला इथे गडकऱ्यांच्या 'एकच प्याला'ची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. सुधाकर काही नादान माणूस नव्हे; बुद्धिमान, मानी वकील. अपमानाच्या एका क्षणी तळीराम त्याच्यापुढे पहिला प्याला धरतो. पुढे तो सोडण्याचा निश्चय करतो, तोही खरा असतो. पण कामासाठी दारोदार फिरताना हेटाळणी वाट्याला येते आणि निश्चय ढासळतो. नाटकाचे नावच साखळीच्या पहिल्या कडीवर ठेवलेले आहे. शेवटचा प्याला कुणालाच भितीदायक वाटावा लागत नाही. भिती वाटायला हवी ती पहिल्याची, आणि तो तर 'एकच' असतो!

तुम्ही म्हणाल, आम्ही दारू पीत नाही, जुगार खेळत नाही. ही पुराणे आम्हाला कशाला? मीही तेच म्हणत होतो. पण जुन्या ख्रिस्ती साधूंनी पापांची जी यादी केली, ती पाहावी. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस नावाच्या साधूने मनाला ग्रासणारे आठ विचार सांगितले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप पहिला ग्रेगरी याने त्यांची फेरमांडणी केली आणि पुढे सात प्रमुख पापांची यादी रूढ झाली: गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. आपल्या षड्रिपूंशी ही यादी किती जुळते, ते सांगायला नकोच. चोरी नि खून ह्या यादीत नाहीत. कारण ही एकेकटी कृत्ये नव्हेत. ही मनाला पडलेली वळणे आहेत, ज्यांच्या पोटी कृत्ये जन्म घेतात. आणि ती सज्जन, सुशिक्षित, सोवळ्या घरांतही सुखेनैव नांदतात.

माझेच पाहा. माझ्या जिभेच्या सवयीला मी आजवर कधी पाप म्हटले नव्हते. विद्यार्थी तिला हजरजबाबीपणा म्हणत, सहकारी विनोदबुद्धी म्हणत, बायको काही म्हणत नसे. सवयीचे हे पहिले कौशल्य, की ती आपले नाव बदलून घेते. कंजूषपणा काटकसर होतो, भित्रेपणा समंजसपणा होतो, दुसऱ्याला टोचणे ही गंमत होते. येशूने डोंगरावर जे प्रवचन केले त्यात खुनाच्या पंक्तीला क्रोध बसवला आहे, आणि त्याच्याच शेजारी भावाला मूर्ख म्हणून हिणवणे! पूर्वी मला ती अतिशयोक्ती वाटे. पायाने पुसलेला मोर पाहिल्यावर वाटेनाशी झाली.

आता खरा गुंता. सवयीने माणूस गुलाम झाला, तर त्याला दोष तरी कसा द्यायचा? ह्यावर ख्रिस्ती जगात मोठमोठे वाद झाले. ऑगस्टीनच्याच काळी ब्रिटनहून आलेल्या पेलाजियसचे म्हणणे होते, की देवाने आज्ञा दिली त्या अर्थी ती पाळण्याचे सामर्थ्य माणसाला आहे. मनावर घ्या, झाले. ऑगस्टीनने उत्तर दिले, की मनच जायबंदी आहे, देवाच्या कृपेवाचून ते उठणार नाही. अकराशे वर्षांनी तोच वाद पुन्हा पेटला. १५२४ साली इरास्मसने माणसाच्या स्वतंत्र इच्छेच्या बाजूने ग्रंथ लिहिला. १५२५ साली मार्टिन ल्यूथरने तीच इच्छा कशी बंदिवान आहे हे सांगणारा जळजळीत ग्रंथ त्याच्या उत्तरादाखल लिहिला. कॅथलिक पंथाने ट्रेंटच्या धर्मपरिषदेत १५४७ साली मधली वाट धरली: इच्छा दुबळी झाली आहे, वाकली आहे, पण मेलेली नाही. त्याच पंथाने १९९२ साली जी अधिकृत धर्मशिक्षण पुस्तिका काढली, तिच्यात दोन्ही गोष्टी आहेत. भिती, अज्ञान, सवय ह्यांमुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, हे ती मान्य करते. पण पापातून पापाचाच ओढा निर्माण होतो, आणि माणूस जितके अधिक चांगले करतो तितका तो अधिक स्वतंत्र होतो, हेही ती बजावते.

हे शेवटचे मला विलक्षण वाटले. आपण स्वातंत्र्य म्हणतो ते काय? हे करीन नाही तर ते करीन, मला कोण विचारणार! ह्या शिकवणीत स्वातंत्र्याचा अर्थ निराळा आहे. ज्याला वाजवता येत नाही तो पेटीच्या कुठल्याही पट्टीवर बोट ठेवायला मोकळा असतो. पण राग आळवायला मोकळा असतो तो बारा वर्षे मेहनत केलेला. सवय दोन्हीकडे आहे. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने हेच मांडले, की वारंवार केलेल्या कृतीने मनाला वळण पडते, मग ते दुर्गुणाचे असो वा सद्गुणाचे. आपल्या भाषेने तर हे शब्दातच भरून ठेवले आहे. 'स्वतंत्र' म्हणजे ज्याला स्वतःचे तंत्र आहे तो. ज्याला तंत्रच नाही तो मोकाट, स्वतंत्र नव्हे. रांगोळीपुढे उभा असताना मी बोलायला मोकळा होतो, असे मला वाटले होते. खरे म्हणजे गप्प राहायला मी मोकळा नव्हतो.

वर्गात मी लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवतो. त्या पुस्तकाकडेही आता मी निराळ्या नजरेने पाहू लागलो. लक्ष्मीबाईंचे वडील सोवळ्याच्या पायी अक्षरशः वेडे झालेले. सवय पवित्र दिसत असली तरी माणसाला आणि त्याच्या घराला कशी बांधून टाकते, त्याचे ते चित्र. रेव्हरंड ना. वा. टिळक मनाचे उदार, पण तापट; बायकोने ते दोन्ही हसत हसत लिहून ठेवले आहे. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. लक्ष्मीबाईंनी ती १९०० साली घेतली. मधली वर्षे वाचावीत. प्रथम ताटातूट, मग पतीजवळ राहूनही आपले सोवळे, आपला स्वयंपाक सांभाळणे, आणि मग एकेक गाठ आपली आपण सोडवणे. एका रात्रीत काही झाले नाही. आणि ज्या बाईने हे सारे केले तिने मराठीतले सर्वांत मोकळे गद्य लिहिले, हा मला योगायोग वाटत नाही. पंडिता रमाबाईंचेही तसेच. १८८३ साली इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला, पण खरी आंतरिक सुटका आपल्याला पुष्कळ वर्षांनी मिळाली, हे त्यांनी स्वतः सांगितले आहे. केडगावच्या आपल्या संस्थेला त्यांनी नाव दिले ते 'मुक्ती'.

आता नर्सबाईंच्या उत्तरार्धाकडे येतो. पौलाच्या त्याच पत्रात, सहाव्या अध्यायात, मरणाची गोष्ट आहे. बाप्तिस्म्याच्या पाण्यात बुडणे म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरणे, आणि बाहेर येणे म्हणजे नव्याने उठणे. आणि मेलेल्या गुलामावर धन्याचा हक्क उरत नाही. आपली म्हण म्हणते, मेल्याशिवाय खोड जात नाही. पौल तिच्याशी वाद घालत नाही. तो म्हणतो, कबूल. म्हणूनच मरा, आणि मग जगा. ल्यूथरने १५२९ साली लिहिलेल्या लहान प्रश्नोत्तरीत पुढची पायरी सांगितली आहे: आपल्यातला जुना माणूस पश्चात्तापाने रोज बुडवायला हवा. रोज, कारण त्याला पोहता येते, असे मी आपले माझ्या पदरचे म्हणतो.

हे मरायचे कसे? नर्सबाईंच्या यजमानांना ती वाट एका संघात सापडली. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन मद्यपी भेटले आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही चळवळ निघाली. तिची पहिली पायरीच ही, की दारूपुढे आपण हतबल आहोत हे चारचौघांत कबूल करणे. म्हणजे 'मी ठरवले तर केव्हाही सोडीन' म्हणणारा जो मानी माणूस आत बसलेला असतो, तो आधी मरायला हवा. आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचटांनी सुरू केलेल्या 'मुक्तांगण'ने व्यसनमुक्तीचे केवढे काम उभे केले, ते महाराष्ट्राला ठाऊकच आहे. ते काही ख्रिस्ती धर्माचे केंद्र नव्हे. पण तिथेही व्यसनी माणसाला आजारी माणूस म्हणून जवळ करतात आणि त्याच वेळी त्याची जबाबदारी त्याच्याच हाती ठेवतात. हाड दुसऱ्याने बसवायचे, हात आपण पुढे करायचा.

माझी शस्त्रक्रिया लहान होती; दुखली मात्र फार. त्या सकाळी चहाचा कप खाली ठेवून मी नर्सबाईंना विचारले, "मग मी काय करावं?"

"मुलीची माफी मागा."

"मागीन. आता घरी गेलो की तिला बाजूला घेऊन..."

"बाजूला घेऊन नको. जिथं हसलात तिथंच."

पाडव्याच्या संध्याकाळी, त्याच ओसरीवर, त्याच मंडळींसमोर मी मुलीला म्हणालो, "परवा मी तुझ्या रांगोळीला हसलो ते वाईट केलं. माझं चुकलं." एवढीच दोन वाक्ये. एम. ए.ला पारितोषिक मिळवलेल्या जिभेला ती उचलेनात. मधे 'पण' घालावा, 'गंमत म्हणून' घालावे, असे दहादा मनात आले. त्या 'पण'मध्येच तो जुना माणूस दडून होता. मुलगी काही बोलली नाही. मान खाली घालून आत गेली. मला वाटले होते, ती गळ्यात पडेल! माफी मागितली की ती मिळालीच पाहिजे, हीसुद्धा त्या जुन्या माणसाचीच अपेक्षा.

पुण्याला आल्यावर मी एक वही केली. ही युक्ती इग्नेशियस लोयोला ह्या संताची, १५४८ साली छापल्या गेलेल्या त्याच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकातली. १६१६ साली मराठी ओव्यांत 'क्रिस्तपुराण' छापणारे गोव्याचे फादर स्टीफन्स ह्याच इग्नेशियसच्या येशूसंघाचे. युक्ती अशी: सगळे दोष एकदम धरायचे नाहीत, एकच धरायचा. सकाळी उठताच त्याची आठवण करायची. दुपारी जेवणानंतर आणि रात्री, असा दोनदा झडती घ्यायची, आणि जितक्यांदा चूक झाली तितकी टिंबे त्या दिवसाच्या दोन ओळींवर काढायची. मग सकाळची ओळ दुपारच्या ओळीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा मागच्याशी ताडून पाहायचा. चूक होताच हळूच छातीला हात लावायचा. चारचौघांत असलो तरी कुणाच्या ध्यानात येत नाही.

पहिल्या दिवशी माझ्या वहीत अकरा टिंबे पडली, आणि त्या दिवशी कॉलेजात माझे दोनच तास होते! मी हादरलो. माझी समजूत, आठवड्यातून एखादे वेळी होत असेल. महिनाभर टिंबे कमी झाली नाहीत. पण एक झाले. आधी शब्द तोंडातून गेल्यावर कळे. मग जाता जाता कळू लागले. मग कधीमधी, जिभेच्या टोकाशी असतानाच. तेवढ्या अरुंद फटीत माणसाचे सारे स्वातंत्र्य असते, असे मला आता वाटते. ती फट म्हणजे काही मोठे मैदान नव्हे. पण साखळीत अडकलेल्याला तेवढीही नसते.

उन्हाळ्याच्या सुटीत मेडशीला गेलो तेव्हा मी मोठ्या ऐटीने ती वही नर्सबाईंना दाखवली. त्यांनी चष्मा लावून पाने उलटली.

"चांगलं आहे. प्लास्टर काढल्यावर हात हलवावाच लागतो, नाहीतर सांधा आखडतो. पण भाऊ, टिंबं मोजून कुणी सुटत नाही. टिंबं कमी झाली म्हणून फुशारकी आली, तर ती कुठल्या वहीत मांडणार?"

मी वही मिटली. छातीला हात लावला. त्यांच्या ध्यानात आले असावे, कारण त्या हसल्या.

मी ख्रिस्ती नाही, आणि हा लेख कुणाला ख्रिस्ती करण्यासाठी लिहिलेला नाही. नर्सबाईंना जी कृपा ओळखीची आहे तिला मी कुठले नाव द्यावे, हे माझे मला अजून ठरवता आलेले नाही. पुण्याकडे नरकचतुर्दशीला आपण अंगठ्याखाली कारिट फोडतो, नरकासुर मेला म्हणतो, आणि पुढच्या वर्षी पुन्हा कारिट आणतो. पूर्वी मला त्यात विसंगती वाटे. आता वाटते, ज्या कुणी हा विधी सुरू केला त्याला असुराची चांगली ओळख असावी.

वहीत अजून टिंबे पडतात. मधे चार महिने मुलीने मला एकही चित्र, एकही निबंध दाखवला नाही. मीही मागितला नाही. मागण्याचा हक्क मी गमावला होता. जुलैत एकदा ती निबंधाची वही घेऊन आली आणि टेबलाच्या पलीकडे उभी राहून वाचू लागली. तिसऱ्याच ओळीत एक मजेदार चूक होती. ती थांबली नि माझ्याकडे पाहू लागली. ती वाट पाहत होती. माझ्या जिभेच्या टोकाशी काय आले होते ते मी इथे लिहिणार नाही; फार चांगला विनोद होता. मी म्हटले, "पुढे वाच."

परवा मेडशीला जाण्याची तयारी चालली होती. मुलीने रांगोळीचे रंग पिशवीत भरले. मी न राहवून विचारले, "यंदा काय काढणार?"

"कोंबडी," ती म्हणाली. "पावसात भिजलेली. बघू या, बाबा काय म्हणतात!"